हतनूरचे वारकरी आणि दक्षिण महासागरातले अल्बाट्रॉस

मुक्ताईनगर तालुक्यातील एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याने लिहिले आहे की, डिसेंबरात तापीवरच्या हतनूर धरणाच्या फुगवट्यावर पक्षी मोजत असताना त्याला काठावर उपसून ठेवलेल्या जाळ्यात गुरफटून मेलेले वारकरी नावाचे चार काळे पाणपक्षी आणि एक पाणकावळा दिसला. समुद्रात अल्बाट्रॉस हे मोठे समुद्रपक्षी वाचवण्यासाठी बोटीच्या मागे रंगीत फितींचा दोर सोडतात, असे त्याने वाचले आहे. तसा उपाय तापीवर करता येईल का, आणि मच्छीमारांकडे हा विषय काढावा तरी कसा, असे त्याचे दोन प्रश्न आहेत.

मी बारा वर्षे कोकण किनाऱ्यावर तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, आणि खलाशी यांच्याबरोबर काम केले आणि त्यानंतरचे आठ हिवाळे तापीच्या खोऱ्यात, हतनूरपासून सारंगखेड्यापर्यंत, भोई आणि कोळी मच्छीमारांच्या होड्यांवर काढले. दक्षिण महासागरात मी कधी गेलेलो नाही. तिकडचे जे सांगतो आहे ते अभ्यासातून आलेले आहे आणि इकडचे जे सांगतो आहे ते होडीतून आलेले आहे, एवढे वाचकाने ध्यानात ठेवावे.

पहिल्या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर असे की, फितींचा दोर हतनूरला उपयोगाचा नाही. मात्र तो दोर ज्या रीतीने खलाशांच्या अंगवळणी पडला, ती रीत उपयोगाची आहे. या दोन गोष्टींची गल्लत झाली की काम फसते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

ट्यूना पकडणाऱ्या लाँगलाइन नौका एका मुख्य दोराला हजारो गळ लावून तो दोर मागच्या बाजूने समुद्रात सोडत जातात. हा दोर शंभर किलोमीटरपर्यंत लांब असू शकतो. गळाला लावलेले आमिष बुडायला काही क्षण लागतात आणि नेमक्या त्याच क्षणी नौकेच्या मागे घिरट्या घालणारे अल्बाट्रॉस त्यावर झडप घालतात, गळाला अडकतात आणि दोराबरोबर खाली ओढले जाऊन बुडतात. भटक्या अल्बाट्रॉसच्या पंखांचा पसारा साडेतीन मीटरपर्यंत भरतो, तो दहा वर्षांच्या आसपास वयात येतो आणि साधारणपणे दोन वर्षांतून एकदा एकच अंडे घालतो. अशा पक्ष्याची एक जोडी गेली तर ती तूट भरून यायला किती काळ लागेल याचा हिशेब कोणीही करू शकतो. संशोधक निगेल ब्रदर्स यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, जपानी लाँगलाइन नौकांमुळे दक्षिण महासागरात वर्षाला सुमारे ४४,००० अल्बाट्रॉस मरत असावेत, असा अंदाज मांडला. जगाने हा आकडा लक्षात ठेवला, पण मला त्या अभ्यासाची दुसरी बाजू अधिक मोलाची वाटते. त्यात पक्ष्यांच्या मृत्यूबरोबरच वाया गेलेल्या आमिषाचाही हिशेब मांडला होता. पक्ष्याने पळवलेले प्रत्येक आमिष म्हणजे रिकामा गळ, आणि रिकाम्या गळाला ट्यूना लागत नाही. ही भाषा कोणत्याही तांडेलाला पहिल्या वाक्यात कळते.

फितींच्या दोराला तोरी लाइन म्हणतात, कारण जपानीत पक्ष्याला तोरी म्हणतात, आणि त्याची कल्पनाही मुळात जपानी मच्छीमारांचीच आहे. शास्त्रज्ञांनी तो नंतर मोजला, सुधारला आणि नियमांत बसवला. नौकेच्या मागच्या बाजूला उंच खांब, त्याला बांधलेला लांब दोर आणि त्यावरून लोंबणाऱ्या भडक फिती, एवढेच ते साधन आहे. आमिष बुडेपर्यंत पक्षी त्याच्या खाली यायला बिचकतात. त्याला आणखी दोन उपायांची जोड मिळाली. एक म्हणजे गळाच्या दोराला वजन लावून आमिष लवकर बुडवणे आणि दुसरा म्हणजे दोर रात्री सोडणे, कारण अल्बाट्रॉस मुख्यतः दिवसा आमिष टिपतात. हिंदी महासागर ट्यूना आयोगाने २०१२ मध्ये केलेला नियमही असाच होता की, २५ अंश दक्षिण अक्षांशाच्या खाली काम करणाऱ्या लाँगलाइन नौकांनी या तिहींपैकी किमान दोन उपाय वापरलेच पाहिजेत.

नियम कागदावर होते म्हणून पक्षी वाचले, असे मात्र झाले नाही. २००६ मध्ये दक्षिण आफ्रिकेत अल्बाट्रॉस टास्क फोर्स सुरू झाली, तिचे प्रशिक्षक थेट नौकांवर जाऊन खलाशांबरोबर राहू लागले, दोर कुठे अडकतो, वाऱ्यात कसा उडतो, कोणाच्या कामात आड येतो हे पाहून तो दुरुस्त करू लागले. नामिबियात २००९ मध्ये तळाशी गळ सोडणाऱ्या नौकांमुळे सुमारे २२,००० पक्षी मरत असल्याचा अंदाज होता. २०१८ पर्यंत ही संख्या दोनशेच्या आसपास आली. तेथे २०१५ मध्ये नियमही झाले, पण त्याआधीपासून प्रशिक्षक नौकांवर होतेच, आणि फितींचे दोर वॉल्विस बे या बंदरातील महिलांच्या गटाने तयार करून पुरवले. ज्या गावची नौका त्याच गावच्या हातचा दोर, असे जमले की त्या वस्तूला बाहेरची अडगळ म्हणण्याचे कारण उरत नाही.

आता हतनूरकडे वळतो. तापी आणि पूर्णा यांच्या संगमाखालच्या या जलाशयात गाळ साचून उथळ पाण्याचे मोठे पट्टे तयार झाले आहेत, त्यात पाणवनस्पती माजतात आणि हिवाळ्यात वारकरी, लालसरी, थापट्या, तलवार बदक यांचे थवे तेथेच उतरतात. (कपाळावर पांढरा टिळा असलेल्या काळ्या पक्ष्याला वारकरी हे नाव कोणी दिले कोण जाणे, पण मुक्ताईच्या मुलखात ते शोभते.) येथे गळ नाही आणि बोटीच्या मागे उडणारा पक्षीही नाही. येथे आहे ते पाण्यात उभे राहणारे गिलनेट, म्हणजे आपल्याकडे ज्याला नुसते तंगूस म्हणतात ते नायलॉनच्या एकेरी धाग्याचे जाळे. वरच्या दोरीला तरंगणारे बोये, खालच्या दोरीला शिसे आणि मधे पाण्यात जवळजवळ न दिसणारी भिंत. मासा डोके घालतो आणि कल्ल्यांना अडकतो; बुडी मारणारा पक्षीही जाळ्याच्या त्याच आसात, म्हणजे छिद्रात, मान किंवा पंख घालतो आणि दोन-तीन मिनिटांत गुदमरतो. पक्षी वरून झेपावत नाही, खालून पोहत येतो, त्यामुळे हवेत फडफडणाऱ्या फितीचा त्याच्याशी काही संबंध येत नाही.

गिलनेटसाठी जगात अजून असा एकही उपाय सापडलेला नाही जो कुठेही नेऊन लावला आणि चालला. लाँगलाइनपेक्षा या जाळ्यांतील मृत्यूंकडे लक्षही उशिरा गेले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार जगभर वर्षाला किमान चार लाख पक्षी गिलनेटमध्ये मरतात. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर जाळ्याचा वरचा पट्टा जाड पांढऱ्या धाग्याचा करून आणि पहाटेची मासेमारी टाळून चांगली घट दिसली. पेरूमध्ये जाळ्यावर हिरवे एलईडी दिवे लावल्यावर पाणकावळ्यांच्या एका जातीचे अडकणे ८५ टक्क्यांनी कमी झाले. हे वाचून उत्साहाने बाल्टिक समुद्रात दिवे आणि ठळक पट्टे लावून पाहिले, तर तेथे उपयोग झाला नाही, उलट लुकलुकणाऱ्या पांढऱ्या दिव्यांनी एका जातीची बदके अधिकच अडकली. तेव्हा कोणी दिव्यांचे खोके घेऊन हतनूरला आला, तर त्याला आधी एक हिवाळा होडीत बसायला सांगावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

समुद्रातला नियम येथे उलटा पडू शकतो, हे मला तापीवर शिकायला मिळाले. अल्बाट्रॉससाठी रात्र सुरक्षित असते. आपल्या लालसरी मात्र दिवसभर पाण्याच्या मधोमध झोपा काढतात आणि अंधार पडल्यावर उथळ पट्ट्यांत चरायला येतात. जाळे संध्याकाळी लागते आणि सकाळी निघते, म्हणजे त्यांच्या चरण्याच्या वेळेत भिंत उभीच असते. वारकरी आणि टिबुकली दिवसा चरतात आणि जाळे उचलायला उशीर झाला की सापडतात. पाणकावळा आणि सापमान्या हे मासे खाणारे. जाळ्यात आधीच अडकलेला, चमकणारा मासा ओढायला ते जातात आणि स्वतः अडकतात. त्यामुळे 'पक्षी अडकतात' हे एक वाक्य होडीत बसल्यावर तीन वाक्यांचे होते आणि तिन्हींची उत्तरे निराळी असतात. तुम्हाला दिसलेल्या चार वारकऱ्यांवरून मी म्हणेन की, ते जाळे उथळ पाणवनस्पतींच्या कडेला लावले होते आणि त्या दिवशी ऊन वर आल्यावर उचलले गेले असावे. हा तर्क आहे, तो त्या जाळ्याच्या मालकाकडूनच पडताळून घ्यावा.

मग जाळे खोल बुडवावे, म्हणजे वरची दोरी पाण्याखाली दोन मीटर ठेवावी, असे पुस्तकात सुचते. वारकरी आणि लालसरी सहसा एवढे खोल जात नाहीत, म्हणून ते तर्कशुद्धही आहे. मी हे सारंगखेड्याच्या बाजूला एका जुन्या मच्छीमाराला, सगळे त्यांना आबा म्हणत, मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले. आबांनी बिडी विझवली आणि विचारले, "मंग कटला कोण देई, तू?" कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी. मच्छीमार सोसायटीने माशांचे बीज सोडले, जलाशयाच्या ठेक्याचे पैसे भरले, आणि बाजारात चांगला भाव मिळवणारा कटला वरच्या दोन मीटरमध्ये फिरतो. माझ्या सल्ल्याने तोच सुटणार होता. त्या दिवसापासून मी उपाय सुचवण्याआधी 'यात कोणता मासा जाईल?' हा प्रश्न स्वतःला विचारतो.

आबांनीच पुढे मार्ग दाखवला. ते म्हणाले, "आमले काय पाखरे माराना हाउस शे का, भाऊ? एक पाखरू अडकनं ते दोन हात जाळं जास." हे वाक्य मी आजवर जिथे जिथे गेलो तिथे सांगितले आहे, कारण सगळे काम त्यावर उभे आहे. पक्षी अडकला की तो जाळे पिळतो. त्याला सोडवायला थंडीत, ओल्या बोटांनी, पाऊण तास जातो. नाही सोडवला तर तंगूस कापावे लागते आणि दुपारची झोप मोडून ते सांधत बसावे लागते. आणि एवढे होईपर्यंत व्यापाऱ्याची गाडी वजनकाट्यावरून निघून गेलेली असते, मग तोच मासा पडेल भावाने विकावा लागतो. म्हणजे पक्षी वाचवणे हे मच्छीमारावर लादायचे ओझे नसून त्याच्या डोक्यावरचे एक ओझे कमी करणे आहे. पण हे तुम्ही त्याला सांगायचे नसते. ते त्याच्या तोंडून येईपर्यंत थांबायचे असते.

आबांच्या आणि त्यांच्या तीन पुतण्यांच्या होड्यांवर जे ठरले ते अगदी साधे होते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात पाणवनस्पतींच्या कडेचे जाळे जुन्या नदीपात्राच्या धारेकडे सरकवायचे, कारण तेथे पाणी खोल असते आणि कटलाही मिळतो. जाळे दिवस मावळताना न लावता जेवण उरकून लावायचे आणि तांबडे फुटण्याआधी उचलायला घ्यायचे. ज्या ठिकाणी एकदा पाच-सहा पक्षी अडकले ती जागा आठवडाभर सोडायची, कारण थवा तेथे चरायला येतच राहतो. या तिन्हींत नवे साधन एकही नाही आणि खर्चही नाही. तरी सगळ्यांनी सगळे पाळले असे नाही. लग्नसराईत मागणी वाढली की उथळातले जाळे परत दिसू लागे. ते धरून चालावे लागते.

दुसरा प्रश्न विषय काढण्याचा आहे. त्याचे पहिले उत्तर असे की, विषय काढूच नये. आधी होडीत बसू द्याल का, असे विचारावे, पहाटे चारला काठावर हजर राहावे, डबा आपला न्यावा, पाणी उपसायला डबा हातात दिला तर उपसावे. पहिल्या पंधरा दिवसांत वही काढू नये. मी पहिल्या हिवाळ्यात नेमकी ही चूक केली. छापील तक्ता घेऊन गेलो, त्यात मच्छीमाराचे नाव आणि होडीची खूण असे रकाने होते. चौथ्या दिवशी होड्या माझी वाट न पाहता निघून गेल्या. पाणपक्ष्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे हे त्यांना माझ्याहून चांगले ठाऊक होते, आणि नावासकट लिहिलेला प्रत्येक मेलेला पक्षी त्यांना आपल्याविरुद्धचा कागद वाटला, यात त्यांची चूक नव्हती. दुसऱ्या वर्षी एका पक्षीनिरीक्षकाने जाळ्यातल्या बदकाचे छायाचित्र जागेच्या नावासह सगळीकडे पाठवले, चौकशीला माणसे आली, आणि दोन गावांत माझ्यासाठी दारे वर्षभर बंद राहिली. म्हणून तुम्ही काढलेले फोटो सध्या स्वतःजवळच ठेवावेत. नोंद करायची ती तारीख, पाण्याची अंदाजे खोली, आसाचा आकार, जाळे लावल्याची आणि उचलल्याची वेळ, पक्ष्याची जात आणि जिवंत की मृत एवढीच. नाव नाही, गाव नाही. ज्या रात्री एकही पक्षी अडकला नाही तीही रात्र लिहायची. तीच नोंद पुढे सर्वांत जास्त कामाला येते आणि नवशिका नेमकी तीच गाळतो.

सोसायटीच्या बैठकीत बोलण्याची वेळ बहुधा दुसऱ्या हिवाळ्यात येते. तेथे अध्यक्षांना विचारून, एखाद्या मच्छीमारालाच बोलू द्यावे. तुम्ही भिंतीला टेकून बसावे आणि विचारले तरच आकडे सांगावेत. भरपाईचा मुद्दा हमखास निघतो. कोकण किनाऱ्यावर राज्य शासनाने २०१८ मध्ये अशी योजना आणली की, जाळ्यात कासव किंवा देवमाशासारखा संरक्षित सागरी जीव सापडल्यास जाळे कापून त्याला सोडणाऱ्या मच्छीमाराला फाटलेल्या जाळ्यापोटी जास्तीत जास्त २५,००० रुपये मिळावेत. ती योजना सागरी मच्छीमारांसाठी आहे, तापीवर तिचा आधार नाही, हे स्पष्ट सांगावे. खोटी आशा दाखवलेला माणूस पुन्हा होडीत घेतला जात नाही. पण त्या योजनेतली समज पुढे ठेवायला हरकत नाही की, जाळ्याला किंमत आहे हे आधी मान्य केले आणि मगच ते कापायला सांगितले. आम्ही आमच्या परीने एवढेच केले की, काही पक्षीमित्रांनी वर्गणी काढून तंगूसाची रिळे आणि सांधायच्या सुया घेऊन ठेवल्या. कोणी पक्षी सोडवताना जाळे कापले तर त्याला तेवढा धागा मिळे, काही न विचारता.

टाकून दिलेल्या जाळ्यांविषयीही लिहिले पाहिजे. तंगूस कुजत नाही. बुडीत बाभळीच्या खुंटांना अडकून तुटलेला तुकडा महिनोन्‌महिने मासे आणि पक्षी पकडत राहतो आणि त्याचा मालक कोणीच नसतो. उन्हाळ्यात धरणाचे पाणी उतरले की हे तुकडे खुंटांवर वाळत लोंबताना दिसतात. मे महिन्यात चार माणसे, दोन कोयते आणि एक बैलगाडी एवढ्यात ते काढता येतात. गावात ओळख करून घ्यायची असेल तर या कामापासून सुरुवात करणे सर्वांत सोपे आहे, कारण त्यात कोणाकडे बोट दाखवावे लागत नाही.

शेवटी, तुम्ही विचारलेले नाही पण होडीत बसल्यावर पहिल्याच आठवड्यात लागेल, ते सांगतो. जिवंत पक्षी हाती आला तर आधी जाळे ढिले करावे, म्हणजे ताण मानेवर राहत नाही. पंख अंगाशी दाबून धरावेत, पण छाती आवळू नये. पक्ष्याला श्वासासाठी छाती हलवावी लागते. तो ज्या क्रमाने अडकला त्याच्या उलट क्रमाने सोडवावे, बहुतेक वेळा पाय आधी आणि मान शेवटी. कोरडा पंचा डोक्यावर टाकला की निम्मी धडपड थांबते. सापमान्या आणि बगळे डोळ्यावर चोच मारतात, तेव्हा चोच हातात धरावी, मात्र पाणकावळ्याची आणि सापमान्याची चोच घट्ट मिटवून ठेवू नये, कारण त्यांच्या बाहेरच्या नाकपुड्या बंद असतात आणि ते तोंडानेच श्वास घेतात. गळ रुतलेला असेल तर ओढू नये. टोक पुढे ढकलून बाहेर काढावे, काटा पकडीने तोडावा आणि मग उरलेला गळ मागे घ्यावा. गिळलेला गळ मात्र काढायला जाऊ नये, दोर शक्य तितका तोंडाजवळ कापून सोडून द्यावा. भिजून थंडावलेला पक्षी लगेच पाण्यात सोडला तर बुडतो. त्याला टोपलीत ठेवून वर गोणपाट टाकावे आणि ऊन चढून पिसे सुकेपर्यंत होडीच्या कोपऱ्यात राहू द्यावे. नंतर हौसेने हवेत भिरकावू नये, कारण वारकऱ्याला उडण्याआधी पाण्यावर लांब धाव घ्यावी लागते. त्याला मोकळ्या पाण्याकडे तोंड करून उथळात ठेवावे आणि हात मागे घ्यावेत.